आमच्या बोअरच्या पाण्यात आर्सेनिक असेल का?

मलप्रभाकाठ, खानापूर
नमस्कार मंडळी. माझा मेहुणा ट्रक घेऊन लिंगसुगूरकडं जातो. परवा आला आणि हट्टीच्या सोन्याच्या खाणीकडं पाण्यात आर्सेनिक नावाचं विष सापडतं म्हणून सांगत बसला. तेव्हापासून आईच्या जिवाला घोर लागलाय. आमचं बोअर ३०० फुटांचं. रात्री घागर भरून ठेवली की सकाळी पाण्यावर तांबूस साय धरते. तेच आर्सेनिक का? नदीतून ते आपल्याकडं येतं का? आई रोज पाणी तासभर उकळते.

जुना लॅबवाला, बेळगाव
दादा, आधी आईंना सांगा, जंतूंसाठी एक खळखळून उकळी बास. आर्सेनिक उकळून जात नाही. पाणी आटेल तेवढं ते उलट दाट होतं.

ती साय लोखंडाची. आर्सेनिकला रंग, वास, चव काही नाही. काचेसारख्या नितळ पाण्यातही असू शकतं.

नदीचं म्हणाल तर मलप्रभा कणकुंबीला उगवते, कूडलसंगमला कृष्णेला मिळते आणि कृष्णा पुढं रायचूरकडं जाते. म्हणजे आपलं पाणी तिकडं जातं, तिकडचं इकडं येत नाही. हट्टीच्या दगडात सोन्याबरोबर आर्सेनोपायराइट, म्हणजे आर्सेनिक असलेलं खनिज असतं. जमिनीखाली ते हळूहळू झिजतं. खाणीत दगड फोडून ढीग लावले, त्यावर हवा-पाऊस लागला की त्यातलं आर्सेनिक झपाट्यानं सुटतं. यादगीर जिल्ह्यात किरदळ्ळी तांड्यावर जुन्या खाणीशेजारी आर्सेनिकच्या पाण्यानं लोकांच्या तळहातांना, तळपायांना खरखरीत गाठी आल्या. त्या माणसांचा काय दोष होता? वर्षानुवर्षं ते आपलं रोजचं पाणी पीत होते.

माजी जवान, निपाणी
खाणच लागते असं नाही. माझी पोस्टिंग बंगालात होती. तिथं नुसता नदीचा गाळ. गाळात खोल हवा पोचत नाही, मग लोखंडाला धरून बसलेलं आर्सेनिक पाण्यात उतरतं. एक काकू दारातला पंप सोडून दोन गल्ल्या पलीकडून कळशी आणायच्या. दारातल्या पंपाला लाल रंग मारलेला होता, म्हणजे त्यात आर्सेनिक, पिऊ नका.

मलप्रभाकाठ
मग मी करू काय?

जुना लॅबवाला
तपासून घ्या. नेहमीच्या तपासणीत आर्सेनिक बघतीलच असं नाही, अर्जावर वेगळं लिहून द्या. बाटली लॅबमधूनच घ्या, कोल्ड्रिंकची नको. लिटरला ०.०१ मिलिग्रॅमच्या वर आलं तर ते पाणी पिण्याला आणि स्वयंपाकाला बंद. धुण्या-भांड्याला चालेल.

मलप्रभाकाठ
सोमवारी बेळगावला येतो. आई म्हणते, दोन बाटल्या आण. शेजारच्या काकूंची सून बाळंतपणाला आलीय, त्यांच्या बोअरचंही पाणी बघूया.