रूकीचं 'पोटेन्शियल': क्षमता, कुवत की आवाका?

प्रश्न
अमेरिकन फुटबॉलवर मराठीत लिहायचा घाट घातलाय आणि पहिल्याच वाक्यात अडकलोय. म्हणायचंय एवढंच, की संघाने यंदा निवडलेल्या रूकी वाइड रिसीव्हरचं पोटेन्शियल किती? 'नवशिक्या खेळाडूची क्षमता' असं लिहिलं, पण काहीतरी निसटतंय. भाषांतराच्या यंत्राला विचारलं तर त्याने 'रुंद स्वीकारकर्ता' काढून दिला! डोळ्यांपुढे बँकेतला जाडजूड कारकून आला.

उत्तर
वाइड रिसीव्हर तसाच राहू द्या. लांबून फेकलेला चेंडू झेलणारा तो, पण अंगाने नाही, जागेने 'वाइड': बाकीच्यांपासून लांब, मैदानाच्या कडेला उभा राहतो. आपण सिली पॉइंटचं तरी कुठे मराठी केलं?

'नवशिका' मात्र बदला. कॉलेजात तीन-चार वर्षं खेळून आलेला पोरगा नवशिका कसा? खेळ त्याला येतो, जागा नवी असते. म्हणून 'नवखा'. जामार चेसचं उदाहरण घ्या. कॉलेजातल्या खेळाडूंची संघ दरवर्षी फेरीफेरीने निवड करतात, त्यात २०२१ मध्ये बेंगल्स संघाने त्याला पाचव्या क्रमांकावर घेतलं आणि सरावसामन्यांत त्याच्या हातून सोपे चेंडू सुटायला लागले. त्याने कारण दिलं, की इथला चेंडू मोठा आहे आणि त्यावर कॉलेजच्या चेंडूसारखे पांढरे पट्टे नाहीत. लोक हसले. मग त्याच मोसमात त्याने झेलांवर १,४५५ यार्ड आणि १३ टचडाउन (चेंडू घेऊन शेवटची रेषा ओलांडणं) केले. हा नवखेपणा, दोन महिन्यांत गेला.

आणखी एक मत
'होतकरू' का नको? अर्थ अगदी नेमका आहे.

त्यावर
होता. शिष्यवृत्तीच्या जाहिरातींनी 'गरीब व होतकरू' अशी जोडी लावून त्याची पार दशा केली. पहिल्या फेरीत निवडलेला पोरगा सही करताक्षणी कोट्यधीश होतो. त्याला होतकरू म्हटलं तर वाचक वह्या-पुस्तकं गोळा करतील.

क्षमतेबद्दल
मला 'क्षमता' चुकीची वाटत नाही. टाकी रिकामी असली तरी तिची क्षमता ५०० लिटरच असते. पोटेन्शियल म्हणजे तरी वेगळं काय?

उत्तर
टाकी वाढत नाही हो! बाविशीतला पोरगा वाढतो. 'क्षमता' आणि 'कुवत' दोन्हींत माप आधीच ठरल्यासारखं वाटतं, आणि 'कुवत' तर बहुतेक वेळा नसल्याचीच काढली जाते. मी 'आवाका' म्हणेन. कामाचा आवाका, बुद्धीचा आवाका. त्यात पसरण्याला जागा आहे. शिवाय रिसीव्हरच्या बाबतीत तो शब्दशः बसतो: अंगापासून किती लांबचा चेंडू हा कवेत घेऊ शकतो, हे त्याच्याबद्दल पहिल्यांदा बघतात.

पण खरी गंमत क्रियापदात आहे. 'क्षमतेचं मूल्यमापन' हे सरकारी कागदावर शोभेल. आपल्याकडे 'जोखणे' आणि 'पारखणे' आहेत, आणि ते एक नाहीत. जोखायला काटा लागतो, पारखायला डोळा. दरवर्षी इंडियानापोलिसला कम्बाइन, म्हणजे निवडीआधीची चाचणी, भरतं, तिथे पोरांना जोखतात: उंची, वजन, पसरलेल्या पंजाची रुंदी, सरळ ४० यार्ड किती सेकंदांत. जॉन रॉसने २०१७ साली ते ४.२२ सेकंदांत काढले, तेव्हाचा विक्रम. लगेच निवडीत नववा क्रमांक मिळाला. पहिल्या मोसमात झेल किती? शून्य.

पारखणारा दुसरंच बघतो. समोरच्या बचावपटूला खांद्याने हूल देतो का, भर वेगात थांबून झुकांडी देतो का, चेंडू बोटांनी टिपतो की छातीशी कवटाळतो. पुका नाकुआ २०२३ मध्ये पाचव्या फेरीपर्यंत पडून राहिला, १७७वा. रॅम्स संघाकडून पहिल्याच वर्षी १०५ झेल, १,४८६ यार्ड! तोवर कुठल्याच नवख्याला एवढं जमलं नव्हतं. जस्टिन जेफरसनही २०२० साली बाविसावा गेला. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी तो आतल्या बाजूला खेळला होता, कडेला निभावेल का ही शंका. त्याच्या आधीच्याच निवडीला ईगल्सनी जेलन रेगर हा दुसरा रिसीव्हर उचलला. जेफरसन पुढे अव्वल रिसीव्हर झाला, रेगर नाही. ईगल्सच्या गावात, फिलाडेल्फियात, तो विषय अजूनही जपून काढावा लागतो.

अर्थात पारखणारेही सपशेल आपटतात. पण ती चूक डोळ्याची, काट्याची नव्हे, आणि मराठीत हा फरक एका शब्दात सांगता येतो म्हणून एवढं लिहिलं.

प्रश्नकर्ता
आभार. वाक्य आता असं केलंय: 'हा नवखा रिसीव्हर जोखून झाला, पारखायचा राहिलाय, त्याचा आवाका मोसमाच्या मध्यावर कळेल.' शीर्षकात 'रूकी' ठेवतोय.

जाता जाता
ठेवा, पण ऱ्हस्व. सुरी, पुरी, तशी रुकी.

त्यावर
आपण उच्चार तर दीर्घ करतो ना? परका शब्द आहे, त्याला आपला नियम कशाला?

जाता जाता
'पुरी'चा उच्चार तरी तुम्ही कुठे ऱ्हस्व करता?