मेलबर्नच्या घरातल्या डक्टेड हीटिंगलाच एसी जोडावा का?

पाचपाखाडीची आजी
नमस्कार. आम्ही दोघं ठाण्यात, पाचपाखाडीत राहतो. मुलगा मेलबर्नला असतो. गेल्या वर्षी त्याने ग्लेन वेव्हर्लीत १९८० च्या सुमाराचं जुनं घर घेतलं. लाकडी जमीन आणि तिच्याखालून फिरवलेले डक्ट, म्हणजे हवा नेणाऱ्या जाड नळ्या. गॅसचा हीटर बाहेर भिंतीला लागून आहे, गरम हवा प्रत्येक खोलीत जमिनीतल्या जाळीतून वर येते. जुलैत गेलो होतो तेव्हा फार सुख वाटलं. आता मात्र जानेवारीत जायचंय. यांची दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालीय आणि तिथे एखाद्या दिवशी पारा सरळ ४० च्या वर जातो. ७ फेब्रुवारी २००९ ला ४६.४ अंश झाले होते. घरात गारव्याची काहीच सोय नाही.

मुलाला दोन कोटेशनं आलीत. एक म्हणतो, आहे त्याच हीटरला कूलिंग कॉइल (हवा थंड करणारा एसीचा भाग) जोडतो, आउटडोअर युनिट ठेवतो, डक्ट तेच राहतील. दुसरा म्हणतो, हीटर काढा, डक्टही बदला, रिव्हर्स सायकल, म्हणजे थंड आणि गरम दोन्ही करणारा एसी बसवा. खर्च जवळजवळ तिप्पट. मुलगा पहिल्याकडे झुकलाय. मला राहून राहून वाटतं, गरम हवेसाठी घातलेल्या डक्टमधून थंड हवा तशीच येईल का? इथे कोणी डक्टिंगची कामं करत असेल तर कृपया सांगा.

रबाळे डक्टिंग
काकू, तुमची शंका बरोबर आहे. मी २६ वर्षं रबाळे एमआयडीसीत एसीचे डक्ट बनवतोय. गरम हवेचं काम आपल्याकडे क्वचितच येतं, पण हवेचं गणित तेच.

गॅस हीटरमधून हवा साधारण ५५ अंशांनी निघते आणि खोली ठेवायची २० वर, म्हणजे फरक ३५ चा. एसीच्या कॉइलवरून निघालेली हवा १३ च्या आसपास, खोली २४ वर, फरक फक्त ११. तेवढीच हवा थंड करताना एक तृतीयांशच काम करते, म्हणून हवा खूप जास्त लागते. समजा हीटर २० किलोवॉटचा आहे. त्याला हजारेक सीएफएम, म्हणजे मिनिटाला हजारेक घनफूट हवा पुरते. पूर्ण घराला ४ टन एसी लावला, म्हणजे १४ किलोवॉट, तर टनाला ४०० धरून १,६०० सीएफएम हवेत. हजाराच्या डक्टमधून सोळाशे जात नाहीत. हवा कमी पडली की कॉइलवर बर्फ धरतो, एसीतला गॅस द्रवरूपातच कॉम्प्रेसरकडे परत येतो आणि कॉम्प्रेसर बसतो. तुर्भ्याच्या एका ऑफिसात मालकाने डक्ट तेच ठेवून मशीन मोठं लावलं होतं. तिसऱ्या दिवशी कॉइल पांढरी झालेली मी स्वतः पाहिली.

आपल्याकडे एसीची बरीच शक्ती ओलावा काढण्यात जाते, म्हणून आम्ही टनाला ३५० सीएफएमपर्यंत खाली येतो. मेलबर्नचा कडक उन्हाळा कोरडा, वारा उत्तरेच्या वाळवंटाकडून येतो. तिथे ४५० पर्यंत गेलात तरी चालतं, उलट फायदाच होतो. म्हणजे डक्ट आणखी मोठे हवेत.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कॉइल हीटरच्या पुढेच बसली पाहिजे, हवा हीटरमधून बाहेर पडते त्या बाजूला. अलीकडे बसवली तर थंड हवेने हीटरच्या आतल्या धातूवर पाणी धरतं, तो गंजतो, भोक पडतं आणि जळलेल्या गॅसचा धूर घरात येतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. मुलाला सांगा, कॉइलची जागा कंत्राटदाराकडून लेखी घे.

त्याला चार गोष्टी बघायला सांगा: हीटरच्या पाटीवर किती किलोवॉट लिहिलेत, जाळ्या किती, डक्टचा व्यास किती आणि डक्टवरचं इन्सुलेशन कसं आहे. इन्सुलेशन फाटलेलं असेल तर थंड डक्टला बाहेरून घाम येतो आणि लाकडी जमिनीखाली ओल राहते.

खारघरचा प्रवीण
मी नऊ वर्षं मेलबर्नला होतो. कोणीतरी इव्हॅपोरेटिव्ह सुचवेलच, म्हणून आधीच सांगतो. तो आपल्या डेझर्ट कूलरचा मोठा भाऊ. कोरड्या हवेत छान चालतो, पण खिडक्या उघड्या ठेवाव्या लागतात आणि त्याला स्वतःचे मोठे डक्ट लागतात, हीटिंगचे चालत नाहीत. जंगलाला आग लागते त्या दिवसांत तो बाहेरचा धूर घरात ओढतो. काकांसाठी नकोच.

रिव्हर्स सायकल महाग वाटतं, पण ते एक युनिट विजेत तीन-चार युनिट उष्णता देतं, गॅस हीटर एकापेक्षा कमीच देतो. शिवाय व्हिक्टोरियात, म्हणजे मेलबर्नच्या राज्यात, १ जानेवारी २०२४ पासून प्लॅनिंग परमिट लागणाऱ्या नव्या घरांना गॅसची जोडणी बंद झालीय. जुन्या घराला हा नियम नाही, पण जुन्या हीटरवर नवा खर्च करताना विचार व्हावा. हीटर ठेवलाच, तर दर दोन वर्षांनी कार्बन मोनॉक्साइडच्या तपासणीसकट सर्व्हिसिंग करून घ्या.

कोपरी पूर्व
जानेवारीपुरता प्रश्न असेल तर आई-वडिलांच्या खोलीत एक स्प्लिट लावा ना. पूर्ण घर नंतर बघता येईल.

पाचपाखाडीची आजी
सगळ्यांचे आभार. मुलगा रविवारी जमिनीखाली उतरला. हीटर २० किलोवॉटचाच आहे. नऊ जाळ्या, प्रत्येकीला १५० मिलिमीटरचा डक्ट. इन्सुलेशन दोन ठिकाणी उंदरांनी कुरतडलंय. हे वाचून मला झोप लागली नाही. काय करावं?

रबाळे डक्टिंग
काकू, काळजी करू नका, आता चित्र स्पष्ट आहे. १५० मिलिमीटरच्या लवचीक डक्टमधून सुमारे शंभर सीएफएम जातात. नऊ जाळ्यांचे नऊशे, म्हणजे सव्वादोन टनांच्या वर काही नाही. पूर्ण घर त्यात थंड होणार नाही. त्यात जाळ्या जमिनीत. गरम हवा आपोआप वर जाते, थंड हवा घोट्याशी साचते. पाय गार आणि डोकं तापलेलं. पहिल्या माणसाने हे मोजलंच नसावं. डक्ट बदलायचेच असतील तर त्याचं कोटेशन स्वस्त राहत नाही.

कोपरीकरांचं मला पटतं. यंदा दीड टनाचा रिव्हर्स सायकल स्प्लिट, फक्त तुमच्या खोलीत. थंडीत तोच गरमही करेल. पूर्ण घराचा निर्णय मार्च-एप्रिलमध्ये, धावपळ कमी झाल्यावर घ्या, आणि दुसऱ्या माणसाकडून खोलीवार हीट लोड, म्हणजे कोणत्या खोलीला किती गारवा आणि ऊब लागेल त्याचा हिशेब मागा. एसीतल्या गॅसला (रेफ्रिजरंटला) हात लावणाऱ्याकडे तिथला आर्कटिक (ARCtick) परवाना हवा, तो बघूनच काम द्या.

फाटलेलं इन्सुलेशन मात्र हिवाळ्याआधी दुरुस्त करा. गरम हवा आत्ताही जमिनीखाली वाया जातेय.

पाचपाखाडीची आजी
मुलाला वाचून दाखवलं, तो तयार आहे. शेवटचं विचारते, खोली कोणती निवडू? उत्तरेची मोठी आहे, दक्षिणेची लहान.

रबाळे डक्टिंग
दक्षिणेची घ्या. तिथे ऊन उत्तरेकडून येतं, आपल्या उलट. स्प्लिट पलंगाच्या बाजूच्या भिंतीवर उंच लावा, म्हणजे वारा काकांच्या छातीवर थेट येणार नाही. २५ वर ठेवा.