हातकागदावर खिळ्यांची (शिशाच्या सुट्या अक्षरांची) छपाई : अक्षर फुटतंय, काय करू?

आजीच्या जात्यावरच्या ओव्या पुस्तकरूपात छापायच्यात. चोवीस पानं, फक्त तीस प्रती. कागद पुण्याच्या हातकागद संस्थेतला आणलाय, ट्रेडल छपाईयंत्र उद्यमनगरातल्या एका शेडमध्ये मिळालं. पण ठसा तुटक येतोय. दाब वाढवला तर तीन रफार मोडले. आता पेटीत चारच शिल्लक आहेत!

जुना जुळारी : दाब आधी कमी करा. रफार, वेलांटी खिळ्याच्या अंगाबाहेर लोंबतात, आधार नसतो, म्हणून तीच आधी जातात. शिसं ते, पोलाद नव्हे. कागद कोरडाच घातलाय ना? एक ताव ओला, दोन कोरडे अशी थप्पी लावा, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून रात्रभर वजनाखाली ठेवा. सकाळी गालाला लावून बघा: गार लागला पाहिजे, ओला नाही. मग हलक्या दाबातही शाई धरतो. फक्त आपल्याकडच्या पावसाळ्यात थप्पी दोन दिवस ठेवू नका, बुरशी धरते. माझे एकदा पन्नास ताव गेलेत.

पापाची तिकटी : बांधणीच्या खळीत मोरचूद (तांब्याचा निळा क्षार) घाला, कसर लागत नाही.

जुना जुळारी : नको हो. तांब्यानं कागद कालांतरानं तपकिरी पडून ठिसूळ होतो. मैद्याची खळ लागेल तेवढीच रोज ताजी शिजवायची.

प्रश्नकर्ता : भिजवून बघितलं. 'दळिता'चा द अख्खा आला! रफार अजून चारच आहेत.