डीसीएसमध्ये एमआय-८ उडतंय पण थांबत नाही, शेवटच्या ३० मीटरात धपकन खाली जातंय – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

इथे फायटर विमानांच्या सिम्युलेटरवर लिहिणारे बरेच आहेत, हेलिकॉप्टरवाले कमी दिसतात, तरी विचारतो. डीसीएस वर्ल्ड ह्या कॉम्प्युटरवरच्या सिम्युलेटरमध्ये एमआय-८ हे रशियन हेलिकॉप्टर शिकतोय. एंजिन चालू करणं, उचलणं, सरळ नेणं, वळवणं, डोंगराआडून येऊन रॉकेट सोडणं हे सगळं जमायला लागलंय. जमत नाही ते एकच, थांबणं. म्हणजे उडत्या हेलिकॉप्टरला हळूहळू हॉवरला (हवेत एका जागी स्थिर) आणून खाली ठेवणं.

नेमकं काय होतं ते सविस्तर सांगतो म्हणजे जाणकारांना कळेल. कॉकसस नकाशावर कोबुलेटी विमानतळाला येतो, समुद्रावरून, ०७ धावपट्टीवर (म्हणजे तोंड साधारण पूर्वेला; तीच पट्टी उलट बाजूने २५). उंची १०० मीटर, वेग ताशी १८० किलोमीटरच्या आसपास. धावपट्टी जवळ आली की कलेक्टिव्ह (पंख्याची एकूण उचल कमी-जास्त करणारा दांडा) बराच खाली, नाक वर, वेग कमी व्हायला लागतो, इथपर्यंत सगळं शांत असतं. मग ६० च्या खाली गेलं की वेगाच्या काट्यावर भरवसा राहत नाही, मी बाहेर बघत बघत येतो, आणि साधारण ३० मीटर उंचीवर उभ्या वेगाचा काटा (मीटर प्रति सेकंद) उणे ३, उणे ५ करत सरकतो, अख्खं कॉकपिट थरथरायला लागतं, मी कलेक्टिव्ह वर ओढतो तर वर यायचं सोडून अजून जोरात खाली, आणि नाक डावीकडे फिरायला लागतं. पुढचं सांगायला नको. ह्याला व्होर्टेक्स रिंग म्हणतात, आपल्याच पंख्याने खाली ढकललेल्या हवेत आपणच बसतो, हे वाचलंय आणि मला समजलंय. प्रश्न हा आहे की त्यात न जाता वेग कसा मारायचा. व्हिडिओत सगळे सहज करतात पण हात काय करतोय ते दिसत नाही.

सामान साधं आहे. १६ जीबी रॅम, मध्यम ग्राफिक्स कार्ड, ट्विस्टवाली (काठी पिळून नाक फिरवायची) जॉयस्टिक, तिच्याच स्लायडरवर कलेक्टिव्ह, नाक फिरवायला पायाची पेडल नाहीत. डोकं फिरवायला वेबकॅमवर ओपनट्रॅक चालवतो, ते फुकट आहे आणि खरंच चांगलं चालतं. अजून एक त्रास आहे, ट्विस्टचा अक्ष मध्येच उड्या मारतो, पाऊस सुरू झाल्यापासून जास्त. आम्ही देवगडच्या बाजूला अगदी खाडीला लागून राहतो, खाऱ्या हवेने इथे कुलपं धरत नाहीत तर जॉयस्टिकचं काय. ह्यावर काही घरगुती उपाय असेल तर तोही सांगा.

मिशन मी स्वतः बनवलंय, वारा पश्चिमेकडून ५ मीटर प्रति सेकंद ठेवलाय, दुपारी आपल्याकडे असतो तसा. सहाच्या सहा रॉकेट पॉड (रॉकेट भरायच्या नळ्यांचे जुडगे) लावलेले, इंधन पूर्ण.

एमआय-८ च का असं कोणी विचारेल म्हणून सांगतो. २०२१ च्या जुलैत चिपळूण बुडालं तेव्हा हवाई दलाची एमआय-१७ मदतीला आली होती, ती ह्याच घराण्यातली. माझी आत्याची माणसं तेव्हा चिपळुणात होती, पाणी पहिल्या मजल्याला लागलं होतं. तेव्हापासून ह्या हेलिकॉप्टरबद्दल मनात एक वेगळीच जागा आहे, आणि पुढे अमेरिकन अपाचे हेलिकॉप्टर शिकायचं असलं तरी हे नीट उतरवता आल्याशिवाय मला पुढे जायचं नाहीये. कृपया "आधी सोपं काहीतरी घ्या" असं सांगू नका.

प्रतिसाद – वेंगुर्ल्याहून

भाऊ, प्रश्न इतका नीट मांडलात की उत्तर त्यातच सापडलं. वारा पश्चिमेकडून आणि तुम्ही समुद्रावरून ०७ ला येताय, म्हणजे वारा तुमच्या पाठीवर आहे. ५ मीटर प्रति सेकंद म्हणजे ताशी १८ किलोमीटर. तुम्ही जमिनीवर ४० ने सरकताय असं डोळ्याला दिसतं तेव्हा पंख्याला फक्त २२ चा वारा मिळतोय. डोळा म्हणतो अजून वेग आहे, पंखा म्हणतो संपला. बाहेर बघून उतरणाऱ्याला हा फटका हमखास बसतो. उलट बाजूने या, डोंगराकडून, २५ वर, तोंड समुद्राकडे. होडीवाला दर्यात जाताना वारा बघतो तसं प्रत्येक वेळी उतरायच्या आधी वारा कुठून आहे ते बघायची सवय लावा. आणि मिशन एडिटरमध्ये एक गोम आहे, तिथे टाकायची दिशा ही वारा जिकडे जातो ती असते, जिकडून येतो ती नाही. पश्चिमेकडून हवा असेल तर ०९० टाकावं लागतं. तुमच्या मिशनमध्ये काय टाकलंय ते एकदा उघडून बघा, त्यावर २५ की ०७ ते ठरेल.

आता हाताचं काम. तुम्ही लिहिलंय की कलेक्टिव्ह बराच खाली आणि नाक वर. तिथेच पुढच्या सगळ्याची सुरुवात होते. नाक वर करून वेग मारताना कलेक्टिव्ह तळाला असतो, वेग गेला की पुढून येणाऱ्या हवेमुळे मिळणारी जास्तीची उचलही जाते, हेलिकॉप्टर बसायला लागतं आणि मग तुम्ही एकदम सगळी ताकद मागता. एकदम ओढलं की पंख्याचे फेरे पडतात, मागचा पंखा त्याच गिअरने मुख्य पंख्याला जोडलेला, त्याचेही फेरे पडतात, त्याची पकड सुटते, म्हणून नाक डावीकडे जातं. नाक डावीकडे गेलं की बहुतेक जण समजतात ट्विस्ट बिघडला, पण ती ताकद संपल्याची खूण आहे.

त्यामुळे लवकर सुरुवात करा. २ किलोमीटर बाहेर असतानाच १०० मीटरवर १३० पर्यंत या, नाक अगदी थोडं वर, कलेक्टिव्ह थोडाच कमी, उतरण्याचा दर २ च्या आसपास. धावपट्टी दूर वाटेल, कंटाळा येईल, येऊ द्या. मग वेग जसा उतरतो तसा कलेक्टिव्ह *वर* जायला हवा, हळूहळू, सतत, वेग ५० च्या खाली जाईपर्यंत तुमचा हात हॉवरच्या ताकदीच्या जवळ पोचलेला पाहिजे. शेवटी ओढायला काही शिल्लकच राहू नये, हे गणित. आणि एक नियम पाठ करा, वेग ५० च्या आत असताना उतरण्याचा दर ३ च्या वर जाऊ द्यायचा नाही. गेला तर उतरायचा नाद सोडून सरळ नाक खाली, वेग घ्या, फिरून या. ३० मीटरवर थरथर सुरू झाल्यावर सुटायला उंचीच नसते, त्यामुळे निर्णय त्याच्या आधी. उंची असेल तर कलेक्टिव्ह थोडा कमी करून सायक्लिक (हेलिकॉप्टर पुढे-मागे, आजूबाजूला झुकवणारी काठी) पुढे, किंवा बाजूला सरकून, त्या खराब हवेतून बाहेर पडायचं.

काट्यावर भरवसा राहत नाही म्हणालात ते बरोबर आहे पण एमआय-८ मध्ये डॉप्लर (जमिनीवरून रडारने वेग मोजणारं यंत्र) आहे, डिस-१५. त्याचं कमी वेगाचं यंत्र पुढे-मागे, आजूबाजूला आणि वर-खाली किती सरकताय ते दाखवतं. फक्त लक्षात ठेवा, ते जमिनीच्या हिशोबात दाखवतं, हवेच्या नाही, म्हणून पाठीवरचा वारा त्यात दिसणार नाही.

वजन उतरवा. कमाल १३ टन, नेहमीचं ११ च्या आसपास. सहा पॉड म्हणजे १२० रॉकेट, वर टाकी पूर्ण, एवढं घेऊन शिकू नका. पॉड काढा, इंधन अर्धं करा, महिनाभर तसंच उडवा. आणि चाकं आहेत ना खाली, मग धावत उतरायला शिका, ४०-५० च्या वेगाने विमानासारखं धावपट्टीवर टेकवून ब्रेक. दर वेळी वेग थोडा कमी करत जा, हॉवर आपोआप त्याच्या शेवटाला येतो. मला तरी हाच रस्ता सगळ्यात चांगला वाटतो, हवेत उभं राहून खाली बघत उतरण्यापेक्षा.

प्रतिसाद – रत्नागिरीहून

वरच्या प्रतिसादाला पूर्ण सहमती. दोन गोष्टी जोडतो. एक, स्पेशल ऑप्शन्समध्ये सेंट्रल पोझिशन ट्रिमर मोड चालू करा. स्प्रिंगवाल्या जॉयस्टिकला हे लागतंच. ट्रिम (काठीची आत्ताची जागा धरून ठेवणारं बटण) दाबून सोडला की तुम्ही काठी मधे आणेपर्यंत सिम तुमचा हात मोजत नाही, नाहीतर दर ट्रिमला हेलिकॉप्टर दुप्पट झुकतं. उजवा कंट्रोल आणि एंटर दाबलं की कोपऱ्यात कंट्रोलचा चौकोन दिसतो, सुरुवातीला तो उघडाच ठेवा, खरा हात किती गेलाय ते त्यात कळतं.

दुसरं ट्विस्टचं. बहुतेक साध्या जॉयस्टिकमध्ये आत घासून चालणारा पोटेन्शिओमीटर असतो, त्यावर दमट हवेने थर चढतो. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे मिळतो, यूएसबी काढून, खालचे स्क्रू खोलून दोन फवारे आणि अक्ष पन्नासदा इकडून तिकडे, पूर्ण सुकल्याशिवाय लावू नका. गंज सोडवायचं तेल मारू नका, ते चिकट राहतं आणि वर धूळ धरतं. वापरत नसाल तेव्हा झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा. अक्षाच्या ट्यूनिंगमध्ये डेडझोन (मधली जागा, जिथे काठी हलली तरी सिम दखल घेत नाही) २-३ द्या, जास्त दिला तर हॉवरमध्ये मधली जागा मेल्यासारखी वाटते. पुढच्या खेपेला हॉल सेन्सरवाली (चुंबकाने जागा ओळखणारी) घ्या, तिच्यात घासायला काही नसतं.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. मिशन उघडून बघितलं, बाणाची दिशा ०९० होती म्हणजे वारा पश्चिमेकडूनच होता, पाठीवरच. रात्री लाईट होती तोवर २५ वर येत राहिलो, पॉड काढून, अर्ध्या इंधनावर. कलेक्टिव्ह आधीच वर येत राहिला की शेवट इतका शांत होतो की मला आधी पटेना. थरथर नाही. धावत उतरणं तर लगेच जमलं.

आता नवीन अडचण. चाकं ५-६ मीटरवर असताना हेलिकॉप्टर डावीकडे सरकत राहतं. मी सायक्लिकने सरळ करतो, आडवी पट्टी एकदम क्षितिजाला समांतर, तरी सरकतंच. वारा शून्य करून बघितला तरी तेच. ट्विस्ट साफ केलाय, उड्या थांबल्यात, त्यामुळे तो दोष नसावा. आणि सोबत हेही विचारतो, अपाचेला गेलो की हे सगळं परत पहिल्यापासून का?

प्रतिसाद – वेंगुर्ल्याहून

सरळ करताय म्हणूनच सरकतंय. एमआय-८ चा पंखा वरून बघितलं तर घड्याळाच्या दिशेने फिरतो, त्याच्या उलट बळाने नाक डावीकडे जायला बघतं, मागचा पंखा शेपटी डावीकडे ढकलून ते धरतो. पण तो ढकलतो म्हणजे अख्खं हेलिकॉप्टरच डावीकडे ढकललं जातं. ते थांबवायला उजवीकडे थोडा सायक्लिक लागतो, म्हणून हे हेलिकॉप्टर हॉवरमध्ये उजवीकडे किंचित कललेलंच उभं राहतं. तेच त्याचं सरळ. क्षितिजाची पट्टी बघू नका, समोर शंभर मीटरवरचं एखादं झाड किंवा खांब धरा, तो जागचा हलत नसेल तर तुम्ही स्थिर आहात. टेकताना उजवं चाक आधी लागेल, लागू द्या, मग कलेक्टिव्ह हळू खाली, डावं आपोआप बसतं. ५-६ मीटरवर जमिनीचा टेका (जमीन जवळ असल्याने मिळणारी जास्तीची उचल) मिळतो, पंखा साधारण २१ मीटरचा आहे त्यामुळे तो चांगला जाणवतो, तेवढ्या उंचीवर सरावाला घाबरायचं कारण नाही.

अपाचेचं म्हणाल तर हात परत शिकावा लागतो आणि डोकं नाही. अमेरिकन पंखे उलट फिरतात. इथे कलेक्टिव्ह वर घेताना उजवा पाय लागतो, तिथे डावा. इथे उजवीकडे कलतं, तिथे डावीकडे. ह्युई ह्या दुसऱ्या अमेरिकन हेलिकॉप्टरचंही तसंच. पंख्याच्या हवेत न बसणं, वारा बघणं, ताकद आधी आणणं हे मात्र जसंच्या तसं कामाला येतं. पेडलचं नको असेल तर रशियन केए-५० बघा, एकावर एक दोन पंखे, मागचा पंखाच नाही, नौदलाची कामोव्ह-३१ तशीच. पण तुमचा ओढा अपाचेकडे दिसतोय.

विकत घ्यायची घाई करू नका, डीसीएसच्या स्वतःच्या साइटवरून मॉड्यूल (एकेक विमान किंवा हेलिकॉप्टर) १४ दिवस फुकट वापरून बघता येतं. फक्त ते १४ दिवस गणपतीत किंवा जून-जुलैच्या वादळात सुरू करू नका, लाईट आणि नेट दोन्हीची खात्री नसते. दिवाळीनंतर सुरू करा. तोवर पॉड एकेक जोडी परत लावत जा, आधी दोन, मग चार, दर वेळी तेच उतरणं करा, वजनाने कलेक्टिव्ह कुठे जातो ते हाताला कळलं पाहिजे. रॉकेट मारून आल्यावर हलकं झालेलं हेलिकॉप्टर वेगळंच वागतं, तोही सराव करा.

धागाकर्ता

उजवीकडे कलू दिलं. टेकलं दादा, दोन्ही चाकं, धावपट्टीच्या पांढऱ्या रेषेवर. चार पॉड लावून कुठे अडलो की परत इथेच लिहितो.