गाडी ट्रेलरवरून पाठवायची आहे : ऑनलाइन बुकिंगमधली फसवणूक कशी ओळखायची?

प्रवासी_पक्षी
नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. चालू स्थितीतली हॅचबॅक साधारण १४०० किमीवर पाठवायची आहे. दरतुलनेच्या एका साइटवर फॉर्म भरल्यापासून फोन थांबायचं नाव घेत नाही. पाच जणांनी लेखी दर दिले. चौघांचे एकमेकांच्या जवळपास आहेत, पाचव्याचा जवळजवळ निम्मा. त्याचं म्हणणं, "ट्रेलर उद्याच निघतोय, एकच जागा उरलीय, ४० टक्के आत्ता टाका." खातं कंपनीच्या नव्हे, कुणा व्यक्तीच्या नावावर आहे. साइट चकाचक, नोंदणी क्रमांक दिलेला, रेटिंग ४.९.
१) खरा-खोटा हे पैसे देण्याआधी कसं ठरवायचं? २) आगाऊ किती देणं रास्त? ३) गाडी चढवताना-उतरवताना कागदावर काय हवं?

गिअरबॉक्स
पाचव्याला सोडून द्या. व्यक्तीच्या नावाचं खातं, एवढं एक कारण पुरे. पण म्हणून बाकीचे चौघे आपोआप सज्जन ठरत नाहीत.

बुकिंग घेणाऱ्या बऱ्याच साइटवाल्यांकडे स्वतःचा एकही ट्रेलर नसतो. ते मध्यस्थ. तुमची गाडी, मार्ग आणि वाहतूकदाराला देऊ केलेली रक्कम ते ट्रान्सपोर्टवाल्यांपुढे ठेवतात, ज्याला परवडेल तो उचलतो. यात गैर काही नाही. गोची होते ती दर मुद्दाम पाडून सांगितला की. त्या भावात कुणी गाडी उचलत नाही. मग 'ड्रायव्हर मिळत नाहीये' हे पालुपद सुरू होतं, आणि तुमची निघायची तारीख तोंडावर आली की 'एवढे वाढवा, आज उचलतो'. आगाऊ रक्कम अडकलेली असते, म्हणून माणूस मुकाट्याने वाढवून देतो. म्हणजे स्वस्त कोट हा दर नसतोच, गळ असतो.

त्यामुळे प्रत्येकाला एकच प्रश्न मेलवर विचारा : "गाडी तुमच्या ट्रेलरवर जाणार की दुसऱ्याच्या? दुसऱ्याच्या असेल तर त्याचं नाव, ट्रकचा नंबर आणि विम्याचा कागद पैसे भरण्याआधी मिळेल का?" खरा मध्यस्थ म्हणेल, ट्रक ठरला की देतो, आणि पैसेही तेव्हाच घेईल. आधी पैसे, मग नाव असं म्हणणाऱ्याकडे ट्रक नाही असंच समजायचं.

आगाऊ रकमेचं : ट्रक ठरल्यावर १० ते २० टक्के, तेही कंपनीच्या नावावर आणि शक्यतो क्रेडिट कार्डाने. कार्डाच्या व्यवहारावर बँकेकडे ठरावीक मुदतीत वाद घालता येतो. खात्यावरून खात्यावर, वॉलेटमधून किंवा क्रिप्टोत गेलेली रक्कम परत खेचणं जवळजवळ अशक्य. उरलेले पैसे गाडी उतरवून तपासल्यावर. उतरवताना ड्रायव्हरला रोख देण्याची पद्धत काही ठिकाणी सर्रास आहे, ती स्वतः संशयास्पद नाही, पण सही-शिक्क्याची पावती घ्या.

निशिगंध
रेटिंगकडे बघूच नका, तारखा बघा. दोन-तीन आठवड्यांत धडाधड पडलेले पाच तारे आणि त्याआधी शुकशुकाट, म्हणजे विकत घेतलेले. एक-दोन ताऱ्यांचे अभिप्राय मात्र नीट वाचा. 'उचलताना दर वाढवला' आणि 'पैसे दिल्यावर फोन बंद' या तक्रारी वेगवेगळ्या लोकांकडून आलेल्या दिसल्या तर पुढे जायचं कारण नाही. शिवाय आयकॅन लुकअप या साइटवर कंपनीचं डोमेन (वेबसाइटचा पत्ता) टाकून नोंदणीची तारीख पाहा. '२० वर्षांचा अनुभव' सांगणाऱ्याचं डोमेन चार महिन्यांपूर्वीचं असलं तर उत्तर मिळालं.

प्रवासी_पक्षी
धन्यवाद. दुसऱ्या क्रमांकाच्या कंपनीचा नोंदणी क्रमांक सरकारी साइटवर टाकला, तो खरा निघाला. मग ही कंपनी ठीक ना?

बिल्टीबहाद्दर
नाही. क्रमांक खरा आहे एवढंच कळलं, तो *यांचाच* आहे हे कळलं नाही. चांगल्या कंपनीचं नाव आणि क्रमांक उचलून, फोन नि मेल तेवढा आपला टाकायचा, हा आता नेहमीचा प्रकार. म्हणून सरकारी नोंदीत दिलेल्या पत्त्यावर-फोनवर जाऊन विचारायचं, "हे कोटेशन तुमचंच का?" ज्या नंबरावरून तुम्हाला फोन आला त्यावर नव्हे.

कुठे काय पाहायचं, देशागणिक फरक आहे :

भारतात जीएसटी पोर्टलवर १५ अक्षरांचा जीएसटीआयएन (जीएसटी नोंदणी क्रमांक) शोधता येतो. पहिले दोन आकडे राज्याचे, पुढची दहा अक्षरं पॅन. जीएसटीआयएनचं सहावं अक्षर (म्हणजे पॅनचं चौथं) बघा : 'सी' म्हणजे कंपनी, 'एफ' म्हणजे फर्म, 'पी' म्हणजे एकटी व्यक्ती. साइटवर 'प्रायव्हेट लिमिटेड' आणि सहावं अक्षर 'पी', तर तिथेच थांबा. ट्रकचा नंबर वाहन पोर्टलवर टाकून तो खरंच मालवाहू आहे का तेही पाहता येतं.

अमेरिकेत एफएमसीएसएच्या (ट्रक वाहतुकीवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) नोंदीत मध्यस्थाचा परवाना आणि वाहतूकदाराचा परवाना वेगळे दिसतात. आपण वाहतूकदार आहोत असं सांगणाऱ्याकडे फक्त मध्यस्थाचा परवाना निघाला तर तो खोटं बोलतोय. तिथल्या मध्यस्थाला ७५,००० डॉलरचा हमीचा बाँड लागतो, पण दावा करणाऱ्या सगळ्यांना मिळून तेवढाच, म्हणून त्यावर फार विसंबू नये. आणखी एक : गाड्या वाहणाऱ्याने मालाचा विमा त्या नोंदीत दाखल करणं तिथे सक्तीचं नाही. नोंदीत दिसणारा विमा बहुधा रस्त्यावरच्या तिसऱ्या पक्षाच्या नुकसानीचा असतो, तुमच्या गाडीचा नव्हे.

विम्याचा कागद कुठलाही असो, त्यावरच्या विमा कंपनीला स्वतः विचारा : पॉलिसी चालू आहे का, ट्रेलरवरच्या मालाला लागू आहे का, एका ट्रेलरमागे मर्यादा किती. मर्यादा ट्रेलरची असते आणि वर आठ गाड्या असतात, हे कोटेशनवाला सांगत नाही.

सावकाश_चालवा
तिसऱ्या प्रश्नाबद्दल. हातात बिल्टी (वाहतूकदाराची माल ताब्यात घेतल्याची पावती) आल्याशिवाय चावी द्यायची नाही. तिच्यावर वाहतूकदाराचं नाव-पत्ता, ट्रकचा नंबर, ड्रायव्हरचं नाव, गाडीचा १७ अक्षरी चॅसी क्रमांक, ओडोमीटरचं रीडिंग, ठरलेली एकूण रक्कम, दिलेली आणि उरलेली रक्कम, आणि गाडीच्या चित्रावर आधीचे ओरखडे-पोचे. चॅसी क्रमांक स्वतः ताडून पाहा. त्यात इंग्रजी आय, ओ, क्यू ही अक्षरं कधीच नसतात, तशी लिहिली असतील तर घाईत खरडलंय.

बिल्टीवरचं नाव आणि बुकिंगच्या वेळी सांगितलेलं नाव वेगळं निघालं तर गाडी चढवू देऊ नका. ड्रायव्हर प्रामाणिक असेलही. पण मधल्या कुणीतरी काम परस्पर पुढे विकलेलं असतं, आणि त्याने ट्रकवाल्याचे पैसे बुडवले की ट्रकवाला तुमची गाडी अडवून धरतो. एकाच वाहतुकीचे पैसे दोनदा द्यावे लागतात ते असे.

गाडी धुऊन, दिवसाउजेडी फोटो : चार बाजू, चार कोपरे, छप्पर, पुढची-मागची काच, चारही चाकं, दोन्ही बंपर खालून, ओडोमीटर आणि इंधनाचा काटा एकाच फ्रेममध्ये. एक सलग व्हिडिओ, त्यात ट्रकची नंबरप्लेटही आली पाहिजे. टाकी पाव भरलेली पुरे. सामान भरू नका, त्याला बहुधा विमा लागू नसतो आणि वजनाच्या नावाखाली पैसे मागायला निमित्त मिळतं. टोलचा टॅग काढून ठेवा, नाहीतर ट्रेलरवर बसलेल्या गाडीचाही टोल कापला जातो. मूळ कागदपत्रं देऊ नका. प्रतींवर तारीख, कंपनीचं नाव आणि 'फक्त वाहन वाहतुकीसाठी' असं आडवं लिहून द्या.

उतरवताना आधी तपासणी, मग सही. अंधार-पाऊस असेल तर बिल्टीवर 'अंधारात ताबा, तपासणी बाकी' असा शेरा मारून सही करा. शेरा न मारता केलेल्या सहीनंतर दिसलेला पोचा सिद्ध करणं कठीण. मुदतीही वेगवेगळ्या आहेत. युरोपातल्या आंतरराष्ट्रीय रस्ता वाहतुकीच्या सीएमआर करारात सहज न दिसणाऱ्या नुकसानीची लेखी सूचना ७ दिवसांत (रविवार-सुट्ट्या सोडून) द्यावी लागते. भारतात २००७च्या रस्ता वाहतूक कायद्यानुसार दाव्याआधी लेखी नोटीस बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत.

प्रवासी_पक्षी
फारच उपयोगी. पाचव्याला नाही म्हटलं, तर तो आता 'लाइव्ह ट्रॅकिंग'साठी अ‍ॅपची फाइल पाठवतोय, बुकिंग न करताच!

निशिगंध
उघडूसुद्धा नका. मेसेजवर आलेली एपीके फाइल म्हणजे तुमचे ओटीपी वाचायची सोय. नंबर ब्लॉक करा. आणि 'परताव्यासाठी' क्यूआर स्कॅन करायला किंवा पिन टाकायला कुणी सांगितलं तर लक्षात असू द्या, पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही.

टायर_पंक्चर
थोडं विषयांतर, पण पैसे गेलेच असतील तर?

बिल्टीबहाद्दर
पहिला फोन बँकेला. भारतात असाल तर लगोलग १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार, कारण रक्कम पुढच्या खात्यात सरकायच्या आत गोठवली तरच हाती लागते. गाडी अडवून जादा पैसे मागत असतील तर वाढीव रकमेचा तपशील लेखी मागा, गाडी नेमकी कुठे उभी आहे तो पत्ता काढा आणि बिल्टी घेऊन त्या हद्दीतल्या पोलिसांकडे जा. बिल्टीवर एकूण रक्कम लिहिलेली असेल तर बोलायला आधार राहतो. फोनवर भांडत बसू नका, प्रत्येक गोष्ट मेसेजवर घ्या.

गिअरबॉक्स
कुणी समुद्रमार्गे पाठवत असेल तर तिथे ट्रकच्या नंबराऐवजी कंटेनर क्रमांक मागायचा : चार अक्षरं, चौथं बहुधा 'यू', पुढे सात आकडे, शेवटचा पडताळणीचा. तो शिपिंग लाइनच्या साइटवर स्वतः टाकून पाहायचा. एजंटाने पाठवलेल्या ट्रॅकिंगच्या लिंकवर हवं ते दाखवता येतं.