सिव्हिल कोर्ट मेट्रो स्टेशन एवढं खोल का आहे? आणि तिथे आधी काय होतं?

कोथरूडचा_बाळू:
रविवारी बाबांना पहिल्यांदाच मेट्रोने वनाजहून स्वारगेटला नेलं. सिव्हिल कोर्टला गाडी बदलायची हे माहीत होतं, पण सरकते जिने उतरतोय उतरतोय तरी खाली प्लॅटफॉर्म काही येईना, बाबा म्हणाले अरे पाताळात चाललोय का आपण. येताना तर मीच घाईत बोर्ड न वाचता रामवाडीच्या बाजूला चढलो, समोरून वनाजची गाडी निघून गेली आणि आम्ही हात चोळत उभे. तर प्रश्न असा की एवढं खोल करायची काय गरज होती? आणि बाबा विचारत होते की पूर्वी इथे नक्की काय होतं, त्यांना मोठ्या शेड्स आठवतायत पण कशाच्या ते नाही आठवत.

रोजचा_अपडाऊन:
गाड्यांमध्ये आता जिल्हा न्यायालय असं नाव सांगतात, पण सिव्हिल कोर्ट कोणाच्या तोंडातून जाणार नाही 😄

चुकलात ते साहजिक आहे, बऱ्याच जणांचं होतं. एकदा रचना कळली की सोपंय. वनाज-रामवाडी लाईन वर, पुलावर. तिथे दोन बाजूंना दोन प्लॅटफॉर्म आणि मधून रूळ, म्हणजे वर चढायच्या आधीच ठरवायचं की वनाज का रामवाडी. पिंपरी-स्वारगेट लाईन जमिनीखाली, तिथे बरोब्बर उलटं, मधे एकच प्लॅटफॉर्म आणि दोन्हीकडून रूळ, त्यामुळे खाली कुठल्याही जिन्याने उतरा, चुकलात तरी नुसतं पाठ वळवून उभं राहायचं. बदलायला वेगळं तिकीट लागत नाही. बाबांना जिना त्रासाचा वाटला तर सरळ लिफ्ट शोधा, उगाच लाजू नका.

खडक_आणि_माती:
खोलीचं कारण नदी. नकाशा डोळ्यासमोर आणा, कोर्टाच्या पुढचं स्टेशन कसबा पेठ, आणि मधे मुठा आडवी. वरची लाईन आरटीओकडे जाताना नदी पुलावरून ओलांडते, खालच्या लाईनला ती सोय नाही, तिला पात्राच्या खालून जायचंय आणि वर चांगला जाड खडक राखूनच जायचंय. आता मेट्रोची गाडी काही घाटातल्या एसटीसारखी गपकन उतरत नाही, चढ-उतार अगदी हळू ठेवावा लागतो, म्हणून नदीच्या अलीकडचं स्टेशनच खाली घ्यावं लागलं. पलीकडे परत पेठा, जुने वाडे, त्यांच्या पायालाही धक्का नको. प्लॅटफॉर्म 33.1 मीटर खाली आहे, म्हणजे साधारण दहा मजली बिल्डिंग उलटी टाकली असं समजा.

आपल्याकडचा खडक बेसॉल्ट. कृषी महाविद्यालयापासून स्वारगेटपर्यंत 6 किलोमीटरचे जुळे बोगदे मशिनने खणले, मशिनांना नावं मुळा, मुठा, पवना. म्हणजे मुठेच्या खालून खणायच्या कामावर मुठा नावाचंच मशीन, हे मला भारी वाटलं होतं. बोगद्याचं खणकाम जून 2022 मध्ये संपलं.

पेठेतला_नाना:
बाबांना सांगा, आठवण बरोबर आहे. त्या शेड्स म्हणजे सरकारी धान्य गोदाम. धान्याचे ट्रक उभे असायचे, बाकी त्या बाजूला कोर्टात काम असल्याशिवाय कोण कशाला जातंय. जवळच्या कामगार पुतळ्याच्या वस्तीतल्या लोकांनाही या कामासाठी हलवलं, स्टेशन बघायला जाणारे ते विसरतात. आणि अलीकडच्या शिवाजीनगर स्टेशनसाठी एसटी स्टँड वाकडेवाडीला गेला तो गेलाच, आमच्या ही अजून चिडतात त्यावरून.

तारखा हव्या असतील तर घ्या. भूमिपूजन डिसेंबर 2016. हे स्टेशन 1 ऑगस्ट 2023 ला सुरू झालं, पण तेव्हा पिंपरीकडून येणारी गाडी इथेच संपायची, खाली बोगदा तयार आणि पुढे जाता येत नाही असं वर्षभर चाललं. स्वारगेटपर्यंतचा 3.64 किलोमीटरचा तुकडा 29 सप्टेंबर 2024 ला उघडला. कसबा पेठ स्टेशनचं नाव आधी बुधवार पेठ होतं, त्यावरूनही झालीच चर्चा, पुणं आहे शेवटी.

रोजचा_अपडाऊन:
पण देशातलं सगळ्यात खोल स्टेशन हेच ना? व्हॉट्सॲपवर दर आठवड्याला येतं.

खडक_आणि_माती:
तसं छातीठोक नका म्हणू. मार्च 2024 ला हावडा मेट्रो स्टेशन सुरू झालं, तेही 33 मीटरच्या आसपास आहे आणि कारणही तेच, तिथे हुगळी. एक-दोन फुटांवरून कोलकातावाल्यांशी भांडायचं असेल तर भांडा. मला इथली जास्त आवडलेली गोष्ट वेगळीच आहे, छत असं केलंय की दिवसा ऊन थेट खालपर्यंत येतं. एवढ्या खाली सूर्यप्रकाश म्हणजे हवेशीर विहिरीत उतरल्यासारखं वाटतं.

आणि हो, गर्दी अजून वाढणार, हिंजवडीची तिसरी लाईनही इथेच येऊन संपते.

कोथरूडचा_बाळू:
सगळ्यांना थँक्यू. बाबांना गोदामाचं वाचून दाखवलं, म्हणाले बघ, मी सांगत होतो. ऊन काही दिसलं नाही आम्हाला, संध्याकाळी गेलो होतो. आता म्हणतायत पुढच्या रविवारी दुपारी बाराला चल. आणि जिन्यानेच उतरणार म्हणे, लिफ्ट नको.