लाईट आली की बॅटरी ग्रिडवरून भरताना इन्व्हर्टर टक-टक करतो, चार्जिंग किती अँपिअरवर ठेवावं?

गोदाकाठ (गेवराई, जि. बीड)

सेटअप असा: 550 वॅटचे 6 पॅनल, 5 किलोवॅटचा हायब्रिड (सोलर, बॅटरी, ग्रिड तिन्ही जोडलेला) इन्व्हर्टर, 51.2 व्होल्ट 100 एएचच्या दोन लिथियम (एलएफपी) बॅटऱ्या, म्हणजे साधारण 10 युनिट. सिंगल फेज, मंजूर भार 3 किलोवॅट, नेट मीटर (घेतलेली आणि ग्रिडला दिलेली वीज दोन्ही मोजणारं) बसलेलं. मीटरनंतर 25 अँपिअरचा एमसीबी (जास्त भार आला की आपोआप पडणारा स्विच), बाहेर भिंतीवर पत्र्याच्या पेटीत.

संध्याकाळी लाईट जाऊन परत आली की इन्व्हर्टर ग्रिडवरून बॅटरी भरायला घेतो. थोडा वेळ चालतो, टक् करून ग्रिड सोडतो, पाच मिनिटांनी पुन्हा धरतो, पुन्हा सोडतो. पहाटे व्होल्टेज चांगलं असतं तेव्हा टक-टक नाही, पण नळाच्या वेळी मोटर लावली की तासाभरात बाहेरचा एमसीबी पडतो. ग्रिड चार्ज 60 अँपिअरवर आहे, बसवणाऱ्याने तसाच ठेवलेला.

1) किती अँपिअर ठेवावं? 2) बॅटरी ग्रिडवरून किती टक्क्यांपर्यंत भरावी? 3) अमेरिकेतल्या व्हिडिओंत सांगतात की सोलरची बॅटरी ग्रिडवरून भरायला बंदी असते. आपल्याकडे तसं काही आहे का?

तारयंत्री

भाऊ, ते 60 अँपिअर बॅटरीच्या बाजूचे आहेत, मीटरच्या बाजूचे नाहीत. इथेच बहुतेकांचा घोळ होतो. 60 गुणिले 54 व्होल्ट म्हणजे 3,240 वॅट. चार्जरची गळती धरली की ग्रिडवरून जवळपास 3.5 किलोवॅट ओढले जातात. घरात एक बल्ब नसला तरी मंजूर भार तिथेच ओलांडला.

टक-टक का होते ते मल्टिमीटर लावून पाहा. संध्याकाळी ग्रिड चार्ज बंद ठेवून इन्व्हर्टरच्या ग्रिड टर्मिनलवर व्होल्टेज मोजा, मग चालू करून मोजा. डीपीपासून लांबच्या घरी आकडे साधारण असे दिसतात: चार्ज बंद असताना 208, 60 अँपिअरवर 187, 20 अँपिअरवर 201. आता शेजारच्या दोन मोटरी चालू झाल्या की 187 चे 183 होतात. इन्व्हर्टरची खालची मर्यादा 185 वर असेल तर तो ग्रिड सोडतो. सोडला की त्याचाच भार गेल्यामुळे व्होल्टेज पुन्हा 208 च्या आसपास चढतं, त्याला वाटतं ग्रिड चांगली झाली, ठरलेली वाट पाहून परत धरतो. हे चक्र रात्रभर चालतं आणि रिले (इन्व्हर्टरमधला ग्रिड जोडणारा-तोडणारा स्विच) झिजतो. ग्रिड खराब नाही, चार्जरच तिला खाली ओढतोय.

20 अँपिअर ठेवा. ग्रिडवर सुमारे 1,160 वॅट येतील. 20 टक्क्यांवरून 50 टक्क्यांवर जायला तीन तास लागतील, लागू द्या. संध्याकाळी त्यानेही टक-टक झाली तर 10 करा. लाईट आल्यानंतरची वाट 60 सेकंदांवर असेल तर 300 करा. पहिली काही मिनिटं सगळ्या गावाचे फ्रिज-कूलर एकदम उठलेले असतात.

आणि स्टॅबिलायझर लावायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. नेट मीटरवाल्या हायब्रिडची वीज त्याच तारेने उलटी बाहेर जाते, घरगुती स्टॅबिलायझर त्यासाठी बनवलेला नसतो.

डीपीखालचा

एमसीबीबद्दल. पहाटेचा भार धरा: चार्जर 3.5 किलोवॅट, एक एचपीची मोटर 1.1, दोन कूलर, फ्रिज, पंखे मिळून 0.8. झाले 5.4 किलोवॅट. एवढ्या भाराने व्होल्टेज 195 पर्यंत उतरलं तर 27-28 अँपिअर. 25 चा एमसीबी हे लगेच तोडत नाही, 1.13 पटीपर्यंत तो तासभर टिकायलाच हवा आणि 1.45 पटीला तासाच्या आत पडायलाच हवा, मधला पट्टा त्याच्या मर्जीवर. पण हे आकडे 30 अंश तापमानाचे आहेत. आपल्याकडे उन्हाळ्यात रात्रीसुद्धा पत्र्याच्या पेटीत त्याहून जास्त असतं, त्यामुळे 25 चा एमसीबी 22-23 सारखा वागतो.

कुणीतरी सांगेल 40 चा टाका. टाकू नका. एमसीबी तारेला वाचवतो. मोठा टाकला की तो पडणार नाही, पण तार तापेल. मीटरपासून इन्व्हर्टरपर्यंत तांब्याची किमान 4 चौ. मिमी तार हवी, अंतर 20 मीटरच्या वर असेल तर 6. चार्ज चालू असताना मीटरपाशी आणि इन्व्हर्टरपाशी व्होल्टेज मोजा. फरक 4 व्होल्टच्या वर गेला तर कुठेतरी स्क्रू ढिला आहे किंवा तार बारीक आहे. आधी न्यूट्रलची लिंक बघा, बहुतेकदा तीच काळी पडलेली सापडते. मेन बंद करूनच हात घाला.

उजेड_लातूर

तिसऱ्या प्रश्नापासून. अमेरिकेतली ती अट मुळात करसवलतीची होती. घरगुती बॅटरीवर 30 टक्के सवलत हवी असेल तर ती फक्त सोलरवर भरलेली असली पाहिजे, असा तिथल्या कर खात्याचा अर्थ होता. म्हणून काही कंपन्यांनी ग्रिड चार्जिंग सॉफ्टवेअरमध्येच बंद ठेवलं होतं. 2022 च्या कायद्याने 2023 पासून 3 किलोवॅट-तास किंवा त्याहून मोठ्या बॅटरीला सोलरशिवायही सवलत मिळू लागली, आणि घरगुती सवलत 2025 अखेर संपली. आपल्याशी याचा काही संबंध नाही. पीएम सूर्यघरचं अनुदान (3 किलोवॅट आणि पुढे 78,000 रुपये) पॅनलच्या क्षमतेवर आहे, बॅटरीवर नाही.

मीटरच्या दृष्टीने चार्जर म्हणजे गिझरसारखा एक भार. त्याला मंजूर भाराची मर्यादा लागू. एक गोष्ट मात्र पाळा: बॅटरीतली वीज ग्रिडला जाईल असा पर्याय बंद ठेवा. नेट मीटर सोलरच्या विजेसाठी आहे, रात्री ग्रिडची वीज भरून दिवसा तीच सोलर म्हणून परत द्यायला नाही.

आता टक्के. ग्रिडची वीज बॅटरीत घालून परत काढली तर रुपयाचे 82-83 पैसे हाती येतात, बाकी उष्णतेत जातात. नेट मीटर असल्यावर जास्तीची वीज साठवायला ग्रिड आहेच, त्यामुळे बॅटरीचं काम फक्त लाईट नसतानाचं. रात्री घराला 400 वॅट लागत असतील तर चार तासांना 1.6 युनिट, म्हणजे बॅटरीचे 16-17 टक्के. खालचे 20 टक्के राखून ठेवले तरी 40 टक्के पुरतात. उन्हाळ्यात 3.3 किलोवॅटचे पॅनल दिवसाला 13-14 युनिट देतात, दुपारपर्यंत बॅटरी आपोआप भरते. पावसाळ्यात झड लागली की हेच 5-6 वर येतं, तेव्हा 60-70 ठेवा. आणि नेट मीटर नसलेल्यांनी तर सकाळी बॅटरी रिकामी ठेवायलाच हवी, नाहीतर पॅनलची वीज जायला जागाच उरत नाही.

गोदाकाठ

20 अँपिअर केलं, टक-टक थांबली. पण 40 टक्के टाकूनही रात्री 100 पर्यंत भरतोय.

तारयंत्री

ग्रिड चार्जची खूण दोन ठिकाणी असते: एक बॅटरीच्या पानावर, दुसरी वेळेच्या तक्त्यात. तक्त्यात सहा ओळी असतात, प्रत्येकीत वेळ, पॉवर, टक्के आणि ग्रिडचा चौकोन. तुम्ही बहुतेक एकाच ओळीत 40 टाकलं, रात्रीच्या बाकी ओळींत 100 तसंच राहिलं. तक्त्यातले टक्के दोन्हीकडून लागू होतात: ग्रिड असताना बॅटरी त्याखाली वापरली जात नाही, आणि ग्रिडच्या चौकोनात टिक केलेली असेल तर तिथपर्यंत भरलीही जाते. संध्याकाळी 5 ते सकाळी 8 च्या सगळ्या ओळींत 40 टाका, दिवसाच्या ओळींत ग्रिडचा चौकोन काढा.

तरीही गडबड राहिली तर बॅटरी आणि इन्व्हर्टरमधली बीएमएसची (बॅटरीतल्या देखरेखीच्या सर्किटची) केबल बघा. ती नसली की इन्व्हर्टर व्होल्टेजवरून टक्के ठरवतो, आणि एलएफपीमध्ये 40 ते 70 टक्क्यांत जेमतेम अर्ध्या-पाऊण व्होल्टचा फरक असतो. केबल असली तरी महिन्यातून एकदा बॅटरी 100 पर्यंत भरू द्या, नाहीतर मोजणी सरकत जाते.

पैनगंगा

ऑफ-ग्रिड (ग्रिडला वीज परत न देणाऱ्या) इन्व्हर्टरवाल्यांसाठी: तुमच्याकडे तक्ता नसतो, आकड्यांचे प्रोग्रॅम असतात. बऱ्याच मॉडेलमध्ये 02 म्हणजे सोलर आणि ग्रिड मिळून एकूण चार्जिंग करंट, 11 म्हणजे फक्त ग्रिडचा. लोक 02 कमी करून बसतात आणि सोलरचं चार्जिंगही घटवून घेतात. कमी करायचा तो 11. ग्रिडवरून अजिबात भरायचंच नसेल तर 16 मध्ये फक्त सोलर निवडा. पण झडीच्या दिवसांत ते बदलायला विसरू नका, नाहीतर लाईट असून बॅटरी रिकामी.